तेविसावं वाक्य

इंग्रजीत 'गेट' नावाचं एक क्रियापद आहे. तीन अक्षरांचं, दिसायला गरीब, आणि कामाचं म्हणाल तर घरातल्या थोरल्या सुनेसारखं: आणायचं त्यानेच, मिळवायचं त्यानेच, पोचायचं त्यानेच, उठायचं, समजायचं आणि होऊन बसायचंही त्यानेच. फ्रेंचमध्ये अशी सोशिक सून नाही. तिथे प्रत्येक कामाला वेगळा माणूस नेमलेला, आणि एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं की दोघंही रुसतात. त्यामुळे 'गेट'चं फ्रेंच करायला बसलेला अनुवादक प्रत्येक वाक्यापाशी थोडा अडखळतो, डोकं खाजवतो आणि पुढे जातो. पंडित नुसता अडखळत नसे. तो खुर्ची मागे रेलून छताकडे बघत बसे, आणि तेवढ्या वेळात घरात कोणी भांडी वाजवायची नाहीत असा नियम होता.

पंडित हे काही त्याचं नाव नव्हे. ते बायकोने लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मनातल्या मनात ठेवलं होतं आणि सत्तावीस वर्षांत एकदाही तोंडावर म्हटलं नव्हतं. दोघांची ओळख फ्रेंचच्या वर्गात झालेली. पुढे तो इंग्रजीचं फ्रेंच करू लागला आणि ती फ्रेंचचं इंग्रजी. त्याला काम करायला दार असलेली खोली होती, खिडकी होती, सात शब्दकोशांचं कपाट होतं. तिला जेवणाच्या टेबलाचं एक टोक होतं. तेच सोयीचं पडतं असं घरात ठरलं होतं, कारण तिथून सासूबाईंची हाक ऐकू येई. त्याच्या खोलीतून ती ऐकू येत नसे. का, हे घरात कोणी कधी विचारलं नाही.

सासूबाई सहा महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड जोडलं गेलं, पण पाय काही पूर्वीसारखे जमिनीला टेकेनात. रोज सकाळी दहाला त्यांना पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं आणि साडेबाराला परत निजवायचं, हे काम ती एकटी करी. पंडितची पाठ नाजूक होती. ती इतकी नाजूक होती की शब्दकोश उचलताना दुखत नसे, फक्त आई उचलायची म्हटलं की दुखे. गेल्या महिन्यात एकदा तिचा पाय पायपुसण्यावरून सरकला आणि सासू-सून दोघी एकमेकींना धरून जमिनीवर बसल्या. नशिबाने कुणाला काही झालं नाही. आवाज ऐकून पंडित दारात आला, दोघींकडे बघून हळहळला आणि म्हणाला, "अगं, हाक मारायचीस ना." मग शब्द सापडला होता तो विसरू नये म्हणून लगेच आत गेला.

अशा घरात एके दिवशी अनुवाद संस्थेकडून एक पुस्तिका आली. रुग्णाला घरच्या घरी पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवण्याचं एक यंत्र होतं: लोखंडी हात, कापडी झोळी, चार पट्टे आणि फिरवायचा दांडा. त्याची माहिती पुस्तिकेत होती. इंग्रजी लिहिणाऱ्याने अंगमेहनत वाचवली होती आणि बत्तीस ठिकाणी 'गेट'वर भागवलं होतं. पुस्तिकेचं फ्रेंच करायचं काम पंडितला मिळालं. हे काम नीट पार पडलं की त्याचं नाव वैद्यकीय अनुवादकांच्या वरिष्ठ यादीत जाणार होतं. त्या यादीची तो बारा वर्षं वाट बघत होता. घरात तिचा उल्लेख नुसता 'यादी' असा होई आणि पाहुण्यांनाही ती कोणती हे ठाऊक झालेलं होतं.

आता या संस्थेची कामाची पद्धत सांगायला हवी, कारण ती पद्धत शोधून काढणाऱ्याला माणसांवर अजिबात विश्वास नव्हता आणि संगणकावर फार होता. एकाने इंग्रजीचं फ्रेंच करायचं. मग ते फ्रेंच दुसऱ्या एखाद्याकडे द्यायचं, ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही. त्याने त्याचं परत इंग्रजी करायचं. मग समन्वयक बाईंनी दोन्ही इंग्रजी शेजारी-शेजारी ठेवायचं आणि संगणकाने रंग भरायचे. शब्द जुळला तर पांढरं, नाही जुळला तर लाल, आणि एखादा शब्द नव्हे तर सगळं वाक्यच वेगळ्या घाटाचं वाटलं तर पिवळं. लाल म्हणजे चूक, तिचा खुलासा द्यायचा. पिवळं म्हणजे शैली, ती सोडून द्यायची. समन्वयक बाईंना फ्रेंच येत नव्हतं, त्यामुळे त्या अगदी निःपक्षपाती होत्या.

उलट अनुवाद करणाऱ्याला पहिल्या अनुवादकाचं नाव कळता कामा नये, आणि कळलंच तर त्याने तत्काळ काम परत करायचं, अशी सही घेतलेली असे. नियम मोडला तर दोघांचीही नावं संस्थेतून जात. या खेपेला उलट अनुवादाचं काम संस्थेने नेमकं पंडितच्या बायकोकडे पाठवलं. तिने ती सही केली आणि फ्रेंच पुस्तिका उघडली. तिसऱ्याच ओळीवर तिने चष्मा काढून पुसला. एवढे स्वल्पविराम जगात एकच माणूस देतो, आणि तो आत्ता भिंतीपलीकडे खोकत होता.

काम परत करायला हवं होतं, हे तिला पुरतं माहीत होतं. पण तीन महिन्यांत तिच्याकडे दुसरं काम आलं नव्हतं, हे एक. आणि दुसरं, जे तिने स्वतःशीसुद्धा जरा खालच्या आवाजात कबूल केलं, ते असं की सत्तावीस वर्षं ती ज्याची वाक्यं जेवताना ऐकत आली होती त्याची वाक्यं आता तिच्या पेन्सिलीखाली आली होती. एवढी मौज सोडून देण्याइतकी ती साधी नव्हती.

पंडित चहाच्या वेळी 'गेट'ला शिव्या घाली. अडाणी क्रियापद, कुठेही पाय पसरून बसणारं, वगैरे. सासूबाईंना वाटे इमारतीच्या फाटकाबद्दल चाललंय, आणि त्या म्हणत की त्याला तेल घालायला सांगा रखवालदाराला. पंडित मग त्यांना समजावून सांगे की आपण त्या एका शब्दासाठी चौदा वेगळी फ्रेंच क्रियापदं वापरली आहेत, आणि बत्तीसपैकी काही ठिकाणी तर असं वाक्य बांधलंय की क्रियापदाची गरजच राहिली नाही. सासूबाई म्हणत, बरं झालं बाबा.

त्यामुळे मूळ न पाहताही तिला कळलं की प्रत्येक जागी इंग्रजीत काय असणार. सगळीकडे डोळे मिटून 'गेट' लिहिलं असतं तर पान पांढरं शुभ्र झालं असतं आणि पंडित यादीत जाऊन बसला असता. तिने तसं केलं नाही. 'पट्टा आणा' असं फ्रेंचमध्ये होतं तिथे तिने आणण्याचं इंग्रजी लिहिलं, 'झोळी ओली झाली तर' असं होतं तिथे होण्याचं. तपासणी म्हणजे तपासणी. नवऱ्याला वाचवायला तिथे बसायचं असेल तर यंत्रात झोपणाऱ्या माणसाला कोण वाचवणार, असा तिचा सरळ हिशेब होता. फक्त तेविसाव्या वाक्यापाशी तिची पेन्सिल थबकली. फ्रेंच इतकं सुरेख होतं की तिलाही हेवा वाटला: उचलताना दोघं असलेलं बरं. इशाऱ्यांच्या पानावर इतकं मऊ वाक्य कशाला, असं तिच्या मनात आलं. पण मूळ समोर नव्हतं. जे होतं त्याचं तिने इमानाने इंग्रजी केलं आणि पुस्तिका पाठवून दिली.

आठवड्याने पंडितकडे तक्ता आला. एकतीस लाल, एक पिवळं. घरात त्या दिवशी कोणी जोरात श्वासही घेतला नाही. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि तो उलट अनुवाद करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत येरझाऱ्या घालत होता. हा कोण गाढव आहे, याने भाषा शिकली कुठे, याला पेन कोणी दिलं, असे प्रश्न तो थेट बायकोलाच विचारत होता. ती काकडी चिरत होती. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि खरं सांगायचं तर तिला थोडं वाईटही वाटलं. माणूस अहंकारी होता, पण एकतीसच्या एकतीस जागी बरोबर होता.

दोन दिवस बसून त्याने एकतीस खुलासे लिहिले. ते इतके विद्वत्तापूर्ण होते की समन्वयक बाईंनी ते वाचलेच नाहीत आणि ताबडतोब मान्य केले. त्यांचा फोन आला. पुस्तिका उद्या छपाईला जाईल, आणि सोमवारी यादीत नाव लागेल. पंडितने फोन ठेवला आणि तक्ता जेवणाच्या टेबलावर, तिच्या टोकावर, नीट पसरून ठेवला. हरलेल्या लालांकडे बघत चहा प्यायची त्याला इच्छा होती.

त्या तक्त्यात डावीकडे मूळ इंग्रजी होतं. ते तिने पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. तेविसाव्या ओळीत मूळ इंग्रजीला चार शब्द जास्त नव्हते, लय नव्हती, काही नव्हतं. तिथेही 'गेट'च होतं, आणि त्याचा अर्थ उचलण्याआधी दुसऱ्या माणसाला बोलवा, एवढाच होता. पायपुसणं सरकलं तेव्हा सासूबाईंचं सगळं वजन आपल्या छातीवर कसं आलं होतं, हे तिला आठवलं, आणि मग हेही आठवलं की त्या दिवशी आपण हाक मारली नव्हती. दोघं असलेली बरी असतात हे काय तिला माहीत नव्हतं? पण बरं असलेल्या किती गोष्टी माणूस रोज सोडूनच देतो.

तिने त्याला तेविसावं दाखवलं. तो म्हणाला, ते पिवळं आहे, शैली, त्याला उत्तर द्यावं लागत नाही. तिने सांगितलं की मूळ इंग्रजीत हुकूम आहे आणि तू सल्ला लिहिलायस. यावर पंडितने तिला फ्रेंच वाचकाचा स्वभाव समजावून दिला. त्याला हुकूम आवडत नाही, त्याला सुचवलेलं कळतं, आणि 'बोलवा' हे तिथे फार ओबडधोबड झालं असतं. मग चहाचा घोट घेऊन त्याने मोठ्या मनाने कबुलीही दिली.

"त्या गाढवाने एकतीस ठिकाणी माती खाल्ली," तो म्हणाला, "पण तेविसाव्याचं इंग्रजी मात्र सुंदर केलंय. माझी लय जशीच्या तशी आलीय त्यात."

"ते गाढव मी आहे," ती म्हणाली.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. त्याने कप खाली ठेवला. तो दुखावला होता, हे उघड दिसत होतं, आणि ती त्याची माफी मागणार नव्हती, हेही दिसत होतं. तो पहिल्यांदा म्हणाला की तू सही केली होतीस. ती हो म्हणाली. मग तक्त्याची घडी घालत तो हळू आवाजात म्हणाला की आता कुठे बोलू नकोस, उद्या छापायला जातंय, सोमवारी यादी लागेल. तेविसावं तसं काही चूक नाहीये.

भिंतीवर दहा वाजले आणि आतून सासूबाईंनी हाक मारली.

"आज तू उचल आईंना," ती म्हणाली.

त्याने पाठीचा विषय काढला. तिने तो ऐकून घेतला आणि जागची हलली नाही. शेवटी तोच उठला. रुग्ण उचलण्याबद्दल बत्तीस वाक्यं लिहिलेला माणूस एका रुग्णाला उचलायला निघाला, आणि त्याला झोळीची, पट्ट्याची आणि दांड्याची सगळी नावं दोन भाषांत पाठ होती. सासूबाई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. लेक आलेला बघून त्यांनी आधी सुनेची तब्येत विचारली, कारण याच्या येण्याला दुसरं निमित्त त्यांना सुचेना. मग त्यांनी त्याच्या मानेभोवती हात टाकले. त्याने कंबरेला धरलं, जोर केला, आणि आई चार बोटं वर आली. तेवढ्यावरच ती थांबली. त्याने तिला परत टेकवलं. दुसऱ्यांदा जोर केला तेव्हा ती दोनच बोटं वर आली.

"अगं, जरा बघतेस का?" तो म्हणाला.

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. एक पाय मात्र तिने केव्हाच आत ठेवला होता, आणि तिचे हात मोकळे होते.

"दोघं असलेलं बरं, एवढंच लिहिलंयस तू," ती म्हणाली. "'ये' असं कुठे लिहिलंयस?"

सासूबाईंना यातलं काहीच कळलं नाही. त्या म्हणाल्या, तुमचं काय चाललंय ते नंतर करा, माझे पाय गार पडलेत. पंडितने एकदा आईच्या पायांकडे बघितलं. ते जमिनीला लागत होते, पण जमीन धरत नव्हते.

"ये," तो म्हणाला. "लगेच ये."

त्याचं वाक्य संपायच्या आत ती पलीकडच्या बाजूला पोचली होती. दोघांनी मिळून सासूबाईंना उचललं आणि खिडकीशी बसवलं. वीस सेकंदसुद्धा लागले नाहीत. खुर्चीत टेकल्यावर सासूबाई पाय पांघरुणात घेत म्हणाल्या की आज अजिबात दुखलं नाही. ही एकटी उचलते तेव्हा खांद्यात फार कळ येते, पण तुला सांगायचं नाही म्हणते, तुझं काम मोडतं म्हणून.

पंडित सरळ फोनकडे गेला, आणि ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

समन्वयक बाई फार गोड बोलल्या. त्यांनी सांगितलं की पिवळं दुरुस्त करायची सोयच नाही. दुरुस्ती लालात होते. लाल सगळी मान्य झाली आहेत, फाइल बंद झाली आहे. पंडितने सांगितलं की चूक गंभीर आहे आणि माझी आहे. बाई म्हणाल्या, चूक असती तर संगणकाने लाल केली असती. त्याने विचारलं की मग बंद झालेली फाइल उघडते तरी कशाने. बाईंनी नियमावली चाळली. एकाच कारणाने उघडते, त्या म्हणाल्या: दोन अनुवादकांनी एकमेकांची ओळख लपवली असेल तर. पण तुमच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही ना, असं म्हणून त्या हसल्यासुद्धा.

पंडितने मागे वळून बायकोकडे बघितलं. बारा वर्षांची यादी त्याच्या चेहऱ्यावर वरपासून खालपर्यंत वाचता येत होती. तिला त्या क्षणी त्याची खरोखर कीव आली, आणि आपण याच्यावर फार चिडलेलो असलो तरी याला सोडून दुसऱ्या कुणाशी लग्न केलं नसतं, असंही वाटून गेलं. तिने मान हलवली. आता तिचंही नाव जाणार होतं.

"उलट अनुवाद करणारी माझी बायको आहे," तो फोनमध्ये म्हणाला. "तिने मला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं."

संस्थेने तत्परतेने पावलं उचलली. सोमवारी यादी लागली आणि तिच्यात पंडित नव्हता. अनुवादकांच्या साध्या यादीतही आता तो नव्हता, आणि तीही नव्हती. पत्रात लिहिलं होतं की त्याचे एकतीस खुलासे उत्कृष्ट होते आणि नोंदीसाठी जपून ठेवले आहेत. पुस्तिका नव्या दोघांकडे गेली. नव्या अनुवादकाला तीन दिवस दिले होते. त्याने बत्तीस ठिकाणी एकच क्रियापद घातलं, 'मिळवा' या अर्थाचं, आणि हात झटकले. उलट अनुवाद करणाऱ्याने बत्तीस ठिकाणी 'गेट' लिहिलं. तक्ता पांढरा शुभ्र आला. असा तक्ता संस्थेत आजवर आला नव्हता, आणि समन्वयक बाईंनी तो म्हणे भिंतीवर लावला.

छापलेली प्रत बाईंनीच सद्‌भावनेने पंडितला पाठवली. पोस्टाने ती आली तेव्हा तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. दार असलेल्या खोलीत बसून आता करण्यासारखं काही नव्हतं. तो पानं उलटू लागला. पट्टा मिळवा. झोळी ओली मिळाली तर. रुग्णाला वर मिळवा. प्रत्येक ओळीला त्याच्या तोंडून दाढ दुखल्यासारखा आवाज येत होता, आणि ती समोर बसून ते आवाज मोजत होती. तेविसाव्यापाशी आवाज आला नाही. तिने मान लांब करून वाचलं. उचलण्याआधी दुसरा माणूस मिळवा, असं छापलेलं होतं.

"भयंकर फ्रेंच आहे," तो म्हणाला.

ती हो म्हणाली.

"पण कोणी एकट्याने उचलणार नाही."

तो अजून थोडा वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला. त्याच्या चौदा क्रियापदांपैकी एकही त्या पुस्तिकेत उरलं नव्हतं. मग त्याने घड्याळात बघितलं. दहाला पाच कमी होती. सासूबाईंनी अजून हाक मारली नव्हती, आणि तो आधीच जाऊन पलंगाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला होता.